कापलेलं कडवं

माझं सगळं शिक्षण फुकटात झालंय आणि ते मी कधी लपवलेलं नाही. शिरूरला पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत मी गाणी रेकॉर्ड करते. "कुठं शिकलात?" असं कुणी विचारलं की सांगते, इंटरनेटवर. समोरचा गालातल्या गालात हसतो. हसेना का! रांजणगावच्या एका कारखान्यात नऊ वर्षं मी माल तपासायचं काम केलं. तळेगाव ढमढेरेहून कंपनीच्या बसनं जाता-येता बाकीच्या बाया पेंगायच्या आणि मी कानात हेडफोन खुपसून आवाजाचं शास्त्र ऐकायचे. माझा मास्तर हिंदीत बोलायचा. त्याचं तोंड मी आजतागायत पाहिलेलं नाही. पडद्यावर फक्त त्याचा बाण फिरायचा, आणि त्या बाणाच्या मागं मागं मी माइक कुठं धरायचा, गाण्यामागची सूं-सूं कशी घालवायची, सगळं शिकले. सॉफ्टवेअर फुकट, तबल्या-बासरीचे नमुने फुकट, आणि अडलं की विचारायला साऊंडवाल्यांचा एक फोरम, तोही फुकट.

फोरमवर माझा पहिला प्रश्न अंड्यांच्या ट्रेचा होता. खोलीत आवाज घुमतो म्हणून मी पोल्ट्रीवाल्याकडनं दोनशे ट्रे आणून भिंतींना चिकटवले होते आणि फरक काडीचा पडला नव्हता. कुठल्याशा थंड देशातल्या एका म्हाताऱ्या इंजिनिअरनं मला सविस्तर समजावलं, की बाई, ट्रे काढ आणि जाड रजया टांग. रजया कुठल्या आणू? आईच्या गोधड्या उचलून आणल्या. आई कडाडली, "थंडीत आता भिंती पांघरून झोपू का गं?" पण गोधड्यांनी काम केलं. तो म्हातारा भेटला असता तर मी त्याच्या पाया पडले असते. ज्याला मराठीचा म माहीत नाही असा माणूस माझ्या खोलीची काळजी करतो, याचं मला तेव्हा फार अप्रूप होतं, आजही आहे.

हे सगळं आधी सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणी म्हणेल, इंटरनेटनं घोळ केला. इंटरनेटनं नाही, मी केला.

भांडगावचे मामा एका दुपारी जिना चढून आले. नात्यानं ते माझे मामा नव्हेत, पण माझे वडील आयुष्यभर त्यांच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे, म्हणून लहानपणापासून मामाच म्हणते. रेल्वेत गँगमन होते, दौंडला. नोकरी सांभाळून चाळीस वर्षं जयंतीला, वर्षावासाला, लग्नाच्या आदल्या संध्याकाळी भीमगीतं गायली. वडील गेल्यावर पार्टी मोडली, मामा मात्र गात राहिले. त्या दिवशी चौफुला, न्हावरा करत जीप बदलत बदलत आले होते. सून सोबत होती.

"घशात गाठ निघालीय," ते म्हणाले. "पुढल्या आठवड्यात पुण्याला कापायची हाय. डागतर म्हनला, आवाज राहील का न्हाई, सांगता यायचं न्हाई."

मी म्हटलं, "होईल सगळं नीट, मामा."

"त्ये हुईल न्हाईतर न्हाई. आवाज काय, चाळीस वर्सं वापारला. पर बाचं गानं घ्यायचं ऱ्हायलंय. त्याचं नाव कुठंच न्हाई बघ. ना कॅसेटवर, ना पुस्तकात. त्येवढं घिऊन ठिव."

त्यांचे वडील शाहीर. अक्षरओळख चाळिशीनंतर, रात्रशाळेत. पन्नासेक गाणी त्यांनी रचली, त्यातली बरीच लोकांनी आपापल्या नावानं गाऊन टाकली. राहिलं होतं एक, मुलीची शाळेची पाटी डोक्यावर घेऊन भीमेचं पाणी ओलांडणाऱ्या आईचं. आमच्या पार्ट्यांत रीत अशी, की रचणाऱ्यानं शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफायचं. तीच त्याची सही. पोथी नको, कागद नको, जो गाईल त्याच्या तोंडून नाव पुढं जातं. ही रीत मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ढोलकीच्या मागं बसून मी लहानाची मोठी झाले.

गिरणी एक ते तीन बंद असते, तेवढाच माझा रेकॉर्डिंगचा वेळ. मामा गोधड्यांच्या मधे खुर्चीवर बसले आणि डोळे मिटून गायला लागले. गाणं सात मिनिटांचं. आवाज खरवडलेला होता, पण काय आवाज तो! नदीचं कडवं आलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. शेवटच्या कडव्यात वडिलांचं नाव यायच्या क्षणी मात्र आवाज फाटला. नाव तोंडातच राहिलं, बाहेर आली ती नुसती हवा, आणि मग खोकला.

"परत घिऊ," मामा म्हणाले. गरम पाण्याचे दोन घोट घेऊन ते सावरून बसले. तेवढ्यात खाली गिरणीचा पट्टा सुरू झाला.

मी म्हटलं, "राहू द्या मामा, त्रास नका करून घेऊ. एवढ्यातनं करते मी नीट."

"व्हतंय का? बघ हां."

"होतंय की."

त्यांना वाटलं, ही पोरगी काहीतरी यंत्रातून ते नाव दुरुस्त करील. आणि मी? खरं सांगते, ते कडवं माझ्या डोक्यात आधीच कापलं गेलं होतं. त्या दिवसांत मी गाणी लोकांपर्यंत पोचवायचे व्हिडिओ बघायचे. सगळे एकच घोकायचे, गाणं तीन मिनिटांच्या वर न्याल तर लोक अंगठ्यानं पुढं ढकलतील. मी पार भारावले होते. धृपदाची आवर्तनं काढली, मधली दोन कडवी काढली, खोकल्यासकट शेवटचं काढलं. दोन मिनिटं पन्नास सेकंद, असं चोख बसलं की मीच माझी पाठ थोपटली.

नावाची फिकीर मला नव्हती, कारण गाणं ऑनलाइन चढवताना एक फॉर्म भरावा लागतो आणि त्यात गीतकाराचा रकाना असतो. मामांच्या गाण्यांच्या वहीचा फोटो काढून ठेवला होता, तो बघून, एकेक अक्षर ताडून मी त्यांच्या वडिलांचं नाव त्यात भरलं. मनात म्हटलं, बघा, आता जगभर नाव झालं.

डोंबलाचं जगभर! त्या रकान्यातलं नाव बघायला तीनदा बोट टेकवावं लागतं. कोण टेकवतंय?

मामांची शस्त्रक्रिया झाली, गाठ निघाली, आवाज गेला. सुनेनं फोनवर सांगितलं की फक्त कुजबुजल्यासारखं येतं, तेही डॉक्टरनं सध्या बंद करायला सांगितलंय. दोन आठवड्यांनी मी गाणं चढवलं, सुनेला पाठवलं. जयंती जवळ आली होती आणि गाणं वणव्यासारखं पसरलं. लोकांनी ते उतरवून घेतलं, स्टेटसला लावलं, ग्रुपवर टाकलं. त्या हातातून त्या हातात जाताना माझा फॉर्म काही त्याच्यासोबत गेला नाही.

त्याच दिवसांत मला मामांच्या नंबरवरून फोन यायचे. उचलला की पलीकडं कुणी बोलायचं नाही, नुसता श्वास. मला वाटलं, खिशात दाबला जातोय. दोनदा "मामा, फोन लॉक करत जा हो" असं हसत म्हणून मी ठेवून दिला. तिसऱ्यांदा उचललाच नाही.

जयंतीनंतर चार दिवसांनी एका ओळखीच्यानं मला व्हिडिओ पाठवला. दुसऱ्या तालुक्यातली एक पार्टी, झगमगीत स्टेज, आणि गाणं हेच, आईनं नदी ओलांडल्याचं. छान गात होते. मी खूश होऊन ऐकत होते आणि शेवटी एक नवंच कडवं आलं. त्यात त्यांच्या शाहिराचं नाव होतं.

मी नंबर मिळवला आणि तोंडाला येईल ते बोलले. पलीकडचा माणूस शांतपणे ऐकून घेत होता. मग म्हणाला, "ताई, तुमी रागवू नका. त्यात नावच नव्हतं ओ. आमी शेवटपर्यंत ऐकलं, दोनदा ऐकलं. आमाला वाटलं, जुनं हाय, कुनाचंच न्हाई. जागा मोकळी व्हती म्हनून जोडलं."

मी फोन ठेवला. त्याला चोर म्हणायला तोंड नव्हतं. सही मी पुसली होती, त्यानं कोऱ्या जागी स्वतःची केली. माझे वडील ज्या कडव्याला ढोलकीचा हात बदलून मान द्यायचे, तेच कडवं मी सेकंद वाचवायला काढलं. मला माझीच शिसारी आली.

मूळ रेकॉर्डिंग शाबूत होतं. प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती ठेवा, हा त्या बाणवाल्या मास्तरचा पहिला धडा. पण त्यात नावाच्या जागी हवाच होती, कितीही उकरलं तरी हवाच. शेवटी फोरमवर गेले आणि सगळं लिहिलं, स्वतःची चूकही. तासाभरात उपायांचा ढीग पडला. त्यातला एक असा, की गायकाचा आवाज यंत्राला ऐकवा, ते हवा तो शब्द त्याच्या आवाजात म्हणून दाखवतं. मी केलं. दहा मिनिटांत मामांच्या आवाजात त्यांच्या वडिलांचं नाव तयार! अगदी सुरात. मी हरखून गेले.

त्या ढिगात तळाला एक छोटं उत्तर होतं, त्या गोधडीवाल्या म्हाताऱ्याचं. एवढंच, की गायकाला विचारलंस का?

दुसऱ्या दिवशी भांडगावला गेले. दुपारची वेळ, अंगणात लिंबाखाली मामा बाजेवर बसलेले, गळ्याला रुमाल. हायवेवरचे ट्रक धडधडत होते. सून आणि शेजारच्या तिघी लसूण सोलत होत्या. मी बसायच्या आधीच बोलून टाकलं, "मामा, चुकलं माझं. शेवटचं कडवं मी कापलं."

मामांनी उशाची वही ओढली आणि लिहिलं, "ठाव हाय. म्हनून फोन करत हुतो."

ते वाचून मला रडू फुटलं. बोलता न येणारा माणूस तीनदा फोन लावतो, नुसता श्वास ऐकवतो, आणि मी त्याला फोन लॉक करायला शिकवते! मामांनी मला रडू दिलं. पाणी द्या म्हणून सुनेला खूण केली.

मग मी यंत्राचं कडवं लावलं. सून ओरडलीच, "अगं बया! मामंजी, हुबेहूब तुमीच की!" मामांनी शेवटपर्यंत ऐकलं, मान हलवली नाही, आणि वहीत लिहिलं, "ह्यो कोन?"

मी ते तिथंच पुसून टाकलं. मग खरं रेकॉर्डिंग लावलं, फाटक्या आवाजाचं. नावाच्या जागी हवा आली तसा मामांचा उजवा हात वर गेला आणि तळवा बायकांकडं वळला. सुनेला काही कळेना. मला कळलं. स्टेजवर मामांचा आवाज अडकला की हाच हात वर जायचा, आणि मागचा कोरस ती ओळ उचलायचा. पुढचा गळा अडला तरी ओळ खाली पडू द्यायची नाही, हा पार्टीचा कायदा होता.

मी माइक काढला आणि बाजेच्या कडेला बांधला. बायकांना गाण्यांच्या वहीतून शेवटचं कडवं तोंडपाठ करायला लावलं. मामांचं रेकॉर्डिंग लावायचं, हवा आली की सगळ्यांनी नाव उचलायचं. गळे चारच आणि तेही लाजरे. मामांनी माझ्याकडं बोट केलं. मी म्हटलं, "मामा, मी कधी गात नाही." त्यांनी बोट खाली घेतलं नाही.

मग गायले. ट्रक जात होते, लिंबावर कावळा होता, मामा मांडीवर ठेका धरून होते. आवाज फाटला, हात वर गेला, आणि आम्ही पाचजणींनी त्या माणसाचं नाव उचललं. ओळ संपल्यावर मामांनी वही ओढून लिहिलं, "परत. तू बेसूर."

परत घेतलं. दुसऱ्यांदाही मी बेसूरच.

सातच्या सात मिनिटं मी तशीच चढवली, खोकला, ट्रक, कावळ्यासकट. गाणं शोधलं तर अजूनही त्या दुसऱ्या पार्टीचंच आधी येतं, आमचं बरंच खाली. माझा सूर एका बटणात सरळ झाला असता, ते बटण कुठं आहे हे मला चांगलं ठाऊक आहे. मी हात लावला नाही. पाच आवाजांत माझा वेगळा ओळखू येतो, पण नाव स्पष्ट ऐकू येतं.