दोन भूतकाळ, एक छायाप्रत

‘ही वर्क्ड विदाउट अ सेफ्टी बेल्ट.’ जहाजाच्या शिडीवरून पडून माझा मुलगा गेला, त्याचा कंपनीच्या इंग्रजी अहवालात एवढाच खुलासा होता. तो नेहमी पट्ट्याविना काम करायचा, की त्याने त्या एका दिवशी तसे केले? पहिला अर्थ घेतला तर दोष मयताचा. दुसरा घेतला तर विचारावे लागते, त्या दिवशी पट्टा कुठे होता? मी दिवाणी न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. संदिग्ध वाक्य कोणाच्या सोयीचे असते, हे मला कोणी शिकवायला नको. कंपनीला मी सात पत्रे लिहिली. एकाचेही उत्तर नाही.

पुढे न्हावा शेवा बंदरातून जहाज कंपनीच्या एजंटाचा माणूस मुलाची बॅग घरी देऊन गेला. हिने कपडे बाहेर काढले, तेव्हा एका शर्टाच्या घडीतून स्पॅनिशमध्ये लिहिलेला कागद निघाला. खाली जहाजावरच्या आचाऱ्याची सही आणि ई-मेलचा पत्ता. मोबाइलने केलेले भाषांतर मी पुरावा मानीत नाही. म्हणून बोनकोड्यात, एका दुकानाच्या माळ्यावर स्पॅनिशचे वर्ग घेणाऱ्या मुलीकडे, एकाहत्तराव्या वर्षी मी नाव घातले.

“काका, स्पॅनिशमध्ये भूतकाळ दोन,” ती म्हणाली. “एक, घडून संपलेलं. दुसरा, जे चालू असायचं, नेहमी व्हायचं. इंग्लिशचं साधं रूप दोन्हीकडे चालून जातं. आपल्याकडे आहे की, आला आणि यायचा.”

“म्हणजे अहवाल इंग्रजीत का दिला, ते कळलं.”

“काका, तुम्ही क्लासमध्येपण केस चालवता!”

मागच्या बाकावरची कॉल सेंटरची पोरे हसली. मी हसलो नाही.

चार महिन्यांनी ते पत्र मी स्वतः वाचले. मुलगा रोज सकाळी स्वयंपाकघरात यायचा. मिरची मागायचा. आचाऱ्याला मराठी शिव्या शिकवायचा. वर चढताना पट्टा नेहमी बांधायचा. मग क्रियापदांचे रूप बदलले. त्या दिवशी पट्टे दुरुस्तीला काढले होते, तरी त्याला वर पाठवले. तो चढला. पडला. आणि शेवटी आचाऱ्याने लिहिले होते : कोणी पाठवले, ते माझा करार संपून घरी गेलो की लिहीन, तोवर हे कोणाला दाखवू नका.

मला धीर धरवला नाही. त्याच दुपारी मी आचाऱ्याला पत्र टंकले : आपल्या पत्रातील परिच्छेद तीनच्या अनुषंगाने, संबंधित अधिकाऱ्याचे नाव पंधरा दिवसांत लेखी कळवावे. शिक्षिकेने त्याचे स्पॅनिश तपासले आणि पेन खाली ठेवले.

“काका, हे माणसाला लिहिलंय की आरोपीला? आणि खाली हे काय?”

खाली, आयुष्यभर प्रत्येक पत्राखाली लिहीत आलो तेच होते. प्रत माहितीसाठी : कंपनीचे मुख्य कार्यालय. सोबत : मूळ पत्राची छायाप्रत.

“त्याशिवाय पत्राला वजन येत नाही,” मी म्हणालो.

“पण तो अजून त्यांच्याच जहाजावर आहे ना?”

“खरं बोलणाऱ्या साक्षीदाराला कायद्याचं संरक्षण असतं.”

“कुठल्या देशाच्या, काका?”

तिला कायद्यातले काय कळते, असे मनात म्हणून मी पत्र आचाऱ्याला आणि छायाप्रतीसह त्याची प्रत कंपनीला पाठवली.

तीन आठवड्यांनी कंपनीचे पहिले उत्तर आले. त्यासोबत आचाऱ्याच्या सहीचा दोन ओळींचा कागद होता. तो वाचायला मला बोनकोड्याला जावे लागले नाही. मी काही पाहिले नाही. मी काही लिहिले नाही. दोन्ही क्रियापदे घडून संपलेल्या भूतकाळातली. मी लगेच त्याला माफीचे पत्र पाठवले, या वेळी परिच्छेदांना क्रमांक न घालता. ते परत आले. तो पत्ता आता चालू नव्हता.

मुलाला वर कोणी पाठवले, हे सांगू शकणारा एकच माणूस होता. त्याला मी गप्प केले. कंपनीने नव्हे.

हिला सगळे सांगितले. मला वाटले, रडेल, निदान मला बोलेल तरी.

“अहो, त्या आचाऱ्याला ठेवलं का कामावर?” तिने विचारले.

मला माहीत नव्हते. इतक्या दिवसांत तो प्रश्न माझ्या मनात आलाही नव्हता.