नारळ, केळी आणि चाकणचे दस्तगीरभाई

या ब्लॉगवर तुम्ही माझ्याबरोबर स्पितीला आलात, हंपीच्या उन्हात भाजलात, मेघालयात निसरड्या पायऱ्यांवर आपटलातसुद्धा. आज रहाटणीहून चाकणला चला. हसू नका. तीस किलोमीटरही नाहीत, पण नोकरीतून निवृत्त झाल्यापासून केलेल्या सगळ्या सहलींत हीच मला पुन्हा पुन्हा आठवते आहे, त्याला मी तरी काय करणार?

सुरुवात आमच्या घरातल्या मागच्या खोलीपासून झाली. त्या खोलीत थिरी राहते. मूळची मंडालेची, इथे एमएस्सी करते, दोन वर्षं आमच्याकडे पेइंग गेस्ट आहे. मंडाले म्हटलं की मराठी माणसाला आधी तुरुंग आठवतो, हे तिला पहिल्याच दिवशी सांगून मी तिचा चेहरा पाडला होता. पुढे गट्टी जमली. महिन्यातून एकदा ती देहूरोडच्या विहारात जाते. तिथली बुद्धमूर्ती रंगूनहून आलेली आहे. कोणी आणली ते या भागात शाळेतल्या मुलांनाही सांगावं लागत नाही. थिरी म्हणते, तिथे बसलं की गावचं माणूस भेटल्यासारखं वाटतं.

तर एका संध्याकाळी मी मेथी निवडत होते आणि ती समोर येऊन उभी राहिली.

"काकू, मला एक म्हातारा लेखक पाहिजे."

"कशाला गं?"

तिनं जे सांगितलं ते असं. तिच्या देशात थंडीच्या दिवसांत लेखकांचा एक खास दिवस असतो. त्या दिवशी सत्तरीपुढच्या लेखकांना ओळीनं खुर्च्यांवर बसवतात. तरुण मंडळी खाली बसून त्यांना वाकून नमस्कार करतात, भेटवस्तू देतात, आणि मग म्हातारे लेखक चार शब्द सांगतात. थिरीचे वडील कथालेखक. ती त्यांना फेफे म्हणते. लहानपणी ती त्यांचा हात धरून जायची आणि ते त्यांच्या गुरूंपुढे वाकायचे ते बघायची. "तुम्ही खुर्चीवर बसाल तेव्हा पहिला नमस्कार माझा," असं तिनं तेव्हाच सांगून ठेवलं होतं. यंदा फेफेंना सत्तर वर्षं पूर्ण झाली. आणि तिकडची परिस्थिती अशी, की या वर्षी घरी जाणं शक्यच नाही.

"तिकडे त्यांचे विद्यार्थी घरीच छोटासा कार्यक्रम करणार आहेत," ती म्हणाली. "मी इथे त्याच दिवशी एका सयाला नमस्कार करीन. संध्याकाळी फेफेंना सांगीन, की मी चुकले नाही." सया म्हणजे गुरुजी. तिकडे लेखकालाही सयाच म्हणतात.

भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी पाहिली तर आपला मार्गशीर्ष लागत होता, आणि वार रविवार. आता लेखक कुठून आणायचा? पुण्यात पायलीला पन्नास मिळतात, पण ते आधी हॉल आणि मायक्रोफोन विचारतात. मेथी निवडता निवडताच मला दस्तगीरभाई आठवले, आणि इतकी वर्षं ते का आठवले नाहीत याचं वाईट वाटलं.

दस्तगीरभाई आमच्या कंपनीत ग्राइंडिंगला होते, मी वायरिंगच्या लाइनवर. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर ते गोष्ट सांगायचे. कधी एकाच गोष्टीला तीन दिवस लावायचे, आणि आम्ही बायका डबे लवकर संपवून पुढची जागा धरायचो. त्या गोष्टींचं पुढे पुस्तक झालं, त्याला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. आम्ही गेटवर पेढे वाटले. मग कंपनी बंद पडली, माणसं पांगली. जुन्या कामगारांच्या ग्रुपवर विचारलं तर नंबर आणि पत्ता दहा मिनिटांत मिळाला: चाकण, आंबेठाण रस्ता, मुलाच्या गॅरेजमागे घर.

रविवारी सकाळी निघालो. जाणार असाल तर दिवसाचा बसपास काढा, शंभराच्या आत काम होतं. रहाटणी चौकात थिरीनं पाणीदार नारळ आणि केळ्यांच्या तीन फण्या घेतल्या. त्यांच्याकडेही मानाच्या भेटीत नारळच लागतो म्हणे. लेखकाला शेवटी नारळच मिळायचा, हे दोन्ही देशांत सारखं दिसतंय.

"पूजा हाय का घरी?" केळीवाल्या मावशींनी विचारलं.

"लेखकाची," थिरी म्हणाली.

"कुठं आलं हे देऊळ?"

भोसरीला बस बदलावी लागते. पुलाखाली उतरून आधी मिसळ खा, पुढे खाण्याचा विचार सुचणार नाही इतकी रहदारी आहे. थिरीनं नाक पुसत दोनदा रस्सा मागून घेतला. बस मोशीच्या पुढे इंद्रायणी ओलांडून गेली, तसं मी तिला खिडकीतून दाखवायला लागले. इथे ज्वारी असायची, इथे आमची कंपनीची सहल थांबली होती, या वळणावर हरभऱ्याच्या गड्ड्या विकायला बसायचे. दाखवायला उरलं होतं काय? गोदामं, वजनकाटे आणि कंटेनरच्या रांगा. ती बिचारी प्रत्येक गोदामाकडे हरभरा असल्यासारखं बघत होती.

एक सूचना. रविवार म्हणून चाकणचा रस्ता मोकळा असेल अशा भ्रमात राहू नका. कित्येक कंपन्यांची सुट्टी गुरुवारी असते. आळंदी फाट्यापासून चाकणच्या चौकापर्यंत आम्ही चालत गेलो असतो तर लवकर पोचलो असतो. मागच्या सीटवर दोन कामगार बोलत होते.

"राव, आज पण ओव्हरटाइम?"

"मग काय घरी बसून भिंती बघू का भावा?"

हे वाक्य पूर्वी कॅन्टीनमध्ये कुणी बोललं असतं, तर दुसऱ्या दिवशी दस्तगीरभाईंच्या गोष्टीत आलं असतं.

गॅरेज लगेच सापडलं. मागच्या अंगणात, लिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर दस्तगीरभाई बसले होते. किती लहान झाले होते! ग्राइंडरवर उभा असलेला तो दांडगा माणूस कुठे गेला, या विचारानं मला भरून आलं. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं.

"वायरिंगची सुमन ना तू? पुढची जागा धरायचीस ती?"

"तीच," मी म्हणाले. त्यांची सून रुबिना चहा घेऊन आली. मी थिरीची ओळख करून दिली, ही बर्माची, लेखकाची मुलगी, तुम्हाला मान द्यायला आलीय. ते संकोचून हसले. "मी कसला आता लेखक? पंधरा-वीस वर्षांत एक ओळ न्हाई लिहिली."

थिरीनं त्यांच्यापुढे नारळ-केळी मांडली. पायातल्या चपला काढल्या, ओढणी सारखी केली, अंगणातल्या फरशीवर गुडघे टेकून बसली. हात जोडले आणि कपाळ जमिनीकडे नेलं.

दस्तगीरभाई ताडकन उठले. त्या वयात इतक्या चपळाईनं उठलेले पाहून मीच दचकले. खुर्ची मागे कलंडली. त्यांनी थिरीचे खांदे धरून तिला अर्ध्यातच थांबवलं.

"न्हाई बेटा, न्हाई. हे नको."

थिरी तशीच गुडघ्यांवर राहिली. आपलं काय चुकलं हे तिला कळेना, आणि माझ्या मात्र लख्ख ध्यानात आलं. रुबिना हळूच म्हणाली, "ताई, आमच्यात माणसापुढं असं डोकं टेकत नाहीत. फक्त नमाजाला." अख्खी सहल आखली, बस पाहिली, नारळ निवडला, आणि एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. ज्या माणसाला मी कॅन्टीनच्या मागे चटई टाकून नमाज पढताना रोज पाहिलं होतं, त्याच्यापुढे या पोरीला वाकायला घेऊन आले होते!

थिरीचे डोळे भरले. "मी फेफेंना आता काय सांगू?" ती माझ्याकडे बघून म्हणाली.

दस्तगीरभाईंनी खुर्ची सरळ केली, पण ते त्यावर बसले नाहीत. रुबिनाकडून चटई मागवली आणि गुडघे धरत थिरीसमोर खालीच बसले. "तुझे वडील काय लिहितात, ते तर सांग," ते हिंदीत म्हणाले.

थिरीनं मोडक्या हिंदीत आणि अधूनमधून मराठीत सांगितलं. त्यांच्या देशात न छापलेल्या हस्तलिखितांनाही सरकार बक्षीस देतं, आणि जिंकलेलं पुस्तक स्वतः छापतं. छापलेल्या पुस्तकांसाठी राष्ट्रीय पुरस्कार वेगळा. तो फेफेंना मिळाला होता. पण त्या काळात छापण्याआधी सगळं सरकारी तपासणीला जायचं. फेफेंच्या संग्रहातल्या दोन गोष्टी तपासनीसानं काढून टाकल्या. त्यांच्या सगळ्यांत आवडत्या त्याच दोन. "ते म्हणतात, पुरस्कार उरलेल्या गोष्टींना मिळाला. घरी तो कपाटात आहे, पण तोंड भिंतीकडे."

दस्तगीरभाईंनी समोरचा नारळ हातात घेतला. मग म्हणाले, "आमच्या पुस्तकात कुणी काट मारली न्हाई बेटा. काट मारायलाबी वाचावं लागतं. स्टेजवर बोलावलं, शाल दिली, नारळ दिला, फोटो काढला, उतरा म्हणाले. कुठल्या गोष्टीसाठी दिलं हे कुणी बोललंच न्हाई. कुणी म्हणालं न्हाई, की दस्तगीर, त्यातली एक ऐकव." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमी ऐकत होता तवर मी लेखक व्हतो."

मी चहाचा कप उगीच फिरवत राहिले.

"तुमच्यात डोकं टेकल्यावर पुढं काय असतं?" त्यांनी थिरीला विचारलं.

"मग सया काही सांगतात. आम्ही ऐकतो."

"मग तेवढं करू. डोकं ऱ्हाऊ दे वर. तू ऐक."

आणि त्यांनी गोष्ट सुरू केली. गोष्ट हिंदीत, पण पात्रं मराठीतच बोलत होती. लातूरकडून आलेला एक नवा कामगार. पहिल्या पाळीला रोज असा डबा आणायचा की सगळ्यांनी बोटं चाटावीत. "बायको करते," म्हणायचा. कधी मीठ जास्त झालं तर "सकाळी भांडलो तिच्याशी" म्हणायचा. वहिनींना बघायचंच म्हणून एका सुट्टीच्या दिवशी अख्खी गँग न सांगता पिंपरीतल्या त्याच्या खोलीवर धडकते. दार उघडतं. समोर हा उभा, दोन्ही हात कोपरापर्यंत कणकेनं माखलेले. सगळ्यांकडे बघतो आणि म्हणतो, "अरेरे, ती आत्ताच माहेरी गेली!"

हे वाक्य आलं आणि मी तीस वर्षांपूर्वीइतकीच मोठ्यानं हसले. थिरी तोंडावर हात ठेवून हसली. गॅरेजमधला पान्ह्यांचा आवाज थांबला होता. हात पुसत त्यांचा मुलगा येऊन दारात टेकला होता. रुबिना हळूच मला म्हणाली, "मी ही पहिल्यांदाच ऐकतेय ताई. घरात कधी बोललेच नाहीत."

गोष्टीत पुढे कुणीच काही बोलत नाही. सगळे आत जाऊन बसतात, त्यानं केलेल्या पोळ्या खातात. निघताना सगळ्यांत वयस्कर फोरमन त्याच्या खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "वहिनी आल्या की सांग त्यांना, जेवण झकास झालं." दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तोच डबा आणि तीच वहिनी. या जागेला पूर्वी आम्ही बायका पदर डोळ्यांना लावायचो. आताही काही वेगळं झालं नाही.

निघताना दस्तगीरभाईंनी केळ्यांची एक फणी थिरीला परत दिली. "वडिलांना माझा सलाम सांग," म्हणाले आणि हात कपाळाला लावला. येताना बसमध्ये उभं राहावं लागलं. भोसरीपर्यंत थिरी फणी पोटाशी धरून उभी होती. "नमस्कार तर झालाच नाही, काकू," एवढंच एकदा म्हणाली.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला तिच्या खोलीतून फोनचा आवाज आला. तिकडे नेट कधी असतं, कधी नसतं, त्या दिवशी होतं. मी ओट्याशी भात लावत होते. मला बर्मी भाषेतला एक शब्द येत नाही, पण तिचा आवाज सुरुवातीला दबका होता, हे कळत होतं. ती वाकायला गेली आणि पुढे काय झालं, ते सांगत असणार. मग एका म्हाताऱ्या आवाजातला छोटासा प्रश्न. त्यावर थिरी एका दमात बोलायला लागली. मध्येच "लातूर" ऐकू आलं. मग "पिंपरी". मग "वहिनी".

ती गोष्ट सांगत होती! मी गॅस बारीक केला आणि तिच्या दाराशी जाऊन उभी राहिले. फोनच्या पडद्यावर एक खुर्ची, खुर्चीत पांढऱ्या केसांचे गृहस्थ, त्यांच्या पायाशी बसलेली चार-पाच मुलं. थिरीनं दोन्ही हात कोपरापर्यंत वर धरले आणि एक वाक्य म्हणाली. मग फेफे खुर्चीत मागे रेलून हसायला लागले, आणि त्यांच्याबरोबर ती मुलंही.

मी धावत जाऊन माझा फोन आणला, दस्तगीरभाईंना लावला आणि थिरीच्या फोनजवळ धरला.

"हॅलो? कोण? कसला गलका हाय?"

"दस्तगीरभाई, सुमन बोलतेय. मंडालेत हसतायत. तुमच्या गोष्टीला."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"कुठल्या जागेला हसले?"

"कणकेच्या."

"हां," ते म्हणाले. "तिथंच हसाया पाहिजे. आता पुढचं नीट सांग म्हणावं पोरीला, घाई करू नको म्हणावं. मी ऐकतोय."