नावापुढचं आडनाव

रविवारी दुपारी बांगड्याचं तिखलं आणि भात चापून डॉ. मृदुला चौलकर पलंगावर आडवी होते ती काही झोपायला नाही, विचार करायला. संध्याकाळपर्यंत संस्थेच्या संचालकांना उत्तर द्यायचंय. त्यांच्या समुद्रातल्या प्लास्टिकवरच्या मोठ्या संशोधन प्रकल्पात ती येणार, की खाडीच्या चिखलातले किडेच उकरत बसणार? "किड्यांना सायटेशन कोण देतं, मॅडम?" असं ते काल चहा पिता पिता हसून म्हणाले. चूक नाही त्यांचं. तिचे पेपर वाचणारी जगातली सगळी माणसं एका रिक्षात मावतील. आणि बढतीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न हाच असतो, तुमचं संशोधन कितीजणांनी उद्धृत केलं. पंखा फिरतोय, पापण्या जड होताहेत, विचार करणारं डोकं उशीत रुतत चाललंय.

"काय गो मृदुले, सुकती लागली हा, नि तू निजलंस?"

दारात केळुसकर सर उभे आहेत. तिचे पीएच.डी.चे गाईड. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, आवाज तसाच खडा. भर सेमिनारमध्येसुद्धा मालवणीच बोलणारा माणूस. सर जाऊन तीन वर्षं झाली हे तिला पक्कं ठाऊक आहे, पण असं कुणाला तोंडावर कसं सांगायचं?

"आले, सर."

फरशीवर टाकलेला पाय घोट्यापर्यंत चिखलात जातो. ही खाडी आहे, आणि सुकतीचं पाणी पार लांब गेलंय. तिच्या हातात काचेची बाटली आहे. आत स्पिरिटमध्ये तिचा किडा: बोटभर लांब, तांबूस, जगात अजून कुणी नाव न दिलेला. त्याचं वर्णन पुरं व्हायला आणखी दोन वर्षं तरी हवीत.

कांदळवन ओलांडलं की विद्यापीठातली मुलाखतीची खोली लागते. समितीतले तिघे टाय लावून चिखलात खुर्च्या टाकून बसलेत. "केळुसकर, तुमच्या पेपरांना सायटेशन किती?" एकजण विचारतो. सर खिसे चाचपतात. खिशातून नुसती वाळू निघते. तिघेही मान हलवतात. प्रोफेसर न होताच सर निवृत्त झाले, ते याच खोलीमुळे.

"तेव्हा वाईट वाटलं होतं, सर?"

"वाटला तर! मेल्यांनी माका रीडरच ठेवल्यानी. दोन दिवस घरात कोणाशी बोललंय नाय."

मृदुलाला इतका राग येतो की ती चिखलात हात घालते आणि संचालकांचा गाजलेला पेपर ओढून काढते. "हे बघा. पोटात प्लास्टिक सापडलेल्या किड्यांचा तक्ता. केळुसकर, केळुसकर, परत केळुसकर!" प्राण्याच्या शास्त्रीय नावापुढे त्याचं पहिलं वर्णन करणाऱ्याचं आडनाव लिहायची रीत आहे. पण सायटेशन म्हणून ते आडनाव मोजत कुणी नाही. पेपरच्या शेवटी संदर्भांची लांबलचक यादी आहे, आणि तिच्यात सर कुठेही नाहीत. "किडे तुमचे, नाव त्यांचं."

"बघलंय मी ता. म्हणान सांगतंय, तू त्या प्लास्टिकात जा. दे ती बाटली हकडे."

ती चमकते. सर असं म्हणतील असं तिला वाटलंच नव्हतं.

"नाही देणार."

"हट्ट करू नको. माझा झाला ता झाला. तुझा तसा होवक नको." सर बाटली धरतात आणि ओढतात. मेल्यावरही जोर भलताच आहे. डोळ्यांत मात्र पाणी आहे, आणि ते पाहून तिलाही रडू येतं. पण बाटली ती सोडत नाही.

"मी सोडला तर प्लास्टिकवाले याला काय म्हणतील, सर?"

"किडो म्हणतले. दुसरा काय?"

"म्हणूनच."

"जल्मभर पस्तावतलंस!"

"पस्तावेन. पण याला नाव देऊन पस्तावेन."

पाण्याचा आवाज येतो. भरती चढतेय, टायवाले तिघे खुर्च्यांसकट तरंगत निघालेत. सर तिच्याकडे बघत राहतात. तिने पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला होता, तेव्हा असेच बघत होते. मग बाटलीवरचा हात काढून घेतात.

"मगे घट धर, गो. झाकण सैल आसा."

ती झाकणावर तळवा दाबते, आणखी दाबते, आणि जागी होते.

पंखा फिरतोय. बाहेर अजून ऊन आहे. उशी भिजलीय, तो घाम असेल नाहीतर रडणं. उजवा हात ठणकतोय म्हणून ती मूठ उघडते. तळव्यावर एक गोल वळ आहे, कडेच्या बारीक खाचांसकट, बाटलीच्या झाकणाच्या मापाचा. बाटली तर प्रयोगशाळेत कुलपात आहे.

त्याच हाताने ती फोन उचलते आणि संध्याकाळची वाट न बघता संचालकांना लिहिते: "प्रकल्पात मी येणार नाही. माझ्या किड्याचं बारसं व्हायचंय."