थंड पाण्यातलं मीठ

रोझेर गोद्रोने उभं आयुष्य अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात काढलं, वितळलेल्या धातूच्या टाक्यांसमोर. त्या टाक्यांना तो गायी म्हणायचा. एखादी बिघडली की तिच्याशी बोलायचा. कपाळावर आणि मनगटांवर भाजल्याचे डाग होते. कशामुळे पडले विचारलं तर सांगायचा, "गायीने चाटलं."

जाँकिएर या कारखान्याच्या गावात, त्याच्या बंगल्याच्या तळघरात मी भाड्याने राहते. पहिल्या दिवशी मी त्याला "अहो" म्हटलं. तो म्हणाला, "पुन्हा अहो म्हणालीस तर भाडं वाढवीन, पोरी." तेव्हापासून अरे-तुरे. साहित्याची पदवी घेऊन मी एका दुकानात पाव विकते, याचं त्याला फार कौतुक होतं. "आमच्या घरात एक शिकलेलं माणूस आहे," तो पाहुण्यांना सांगायचा. "तळघरात ठेवलंय. थंड जागी टिकतात."

असा माणूस घाबरट असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मागच्या अंगणात पोहण्याचा तलाव होता. पत्र्याच्या भिंतीचा, गोल, छातीभर खोल. आमच्या रस्त्यावर प्रत्येक घरामागे तसा एक आहे. वर्षातले आठ-नऊ महिने त्यांवर झाकण असतं आणि झाकणावर बर्फ. तरी सगळ्यांना तो हवा. रोझेरच्या बायकोला, पिएरेतला, तर हवाच. तिचे दोन्ही खुबे गेलेले. घरात ती भिंतीला धरून चालायची. पाण्यात शिरली की एकदम पोरगी व्हायची. उन्हाळाभर रोज सकाळी पोहायची, पाऊस असला तरी.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात ते झालं.

क्लोरीनच्या वड्यांची बादली रोझेरने सप्टेंबरात घेऊन ठेवली होती. तेव्हा मोसम संपतो, दुकानं माल काढून टाकतात, आणि आमच्याकडे सगळेच पुढच्या वर्षासाठी भरून ठेवतात. बादली हिवाळाभर अंगणातल्या शेडमध्ये राहिली. शेडवर बर्फ चढलं, मग वितळलं. आत ओल गेली. मेमध्ये रोझेर पंप जोडत होता. पिएरेत म्हणाली, वड्या मी काढते. ती वाकली आणि झाकण उघडलं.

बादलीत आठ महिने कोंडलेला वायू होता. तो सगळा तिच्या तोंडावर आला.

रोझेरने आधी खोकला ऐकला. मग खोकलाही थांबला, तेव्हा तो धावला.

ती वाचली. पण फुप्फुसं पहिल्यासारखी झाली नाहीत. जिना चढताना ती मध्ये थांबायची. श्वासाचा पंप सतत खिशात. डॉक्टर म्हणाले, पोहायला हरकत नाही, उलट चांगलंच. फक्त असा वायू पुन्हा एकदा जरी छातीत गेला तर आम्ही काही सांगू शकत नाही. आणि घाण पाण्यातही जाऊ नका, जंतुसंसर्ग झेपायचा नाही.

म्हणजे पाण्यात क्लोरीन हवं. आणि क्लोरीन जवळ यायला नको.

तो उन्हाळा तलाव झाकलेलाच राहिला. झाकणावर साचलेल्या पाण्यात बेडूक झाले. पिएरेत स्वयंपाकघराच्या खिडकीत बसायची. शरद ऋतूपर्यंत तिला चालायला काठी लागायला लागली, मग दोन.

"मोडून टाकू," रोझेर एकदा जेवताना म्हणाला. "भंगारवाला पत्रा घेऊन जाईल. तिथे भाजी लावू."

"लाव," पिएरेत म्हणाली. "आणि मलाही तिथेच पूर."

सूप निवलं.

त्या हिवाळ्यात रोझेर तलावाशिवाय दुसऱ्या कशाचा विचार करत नव्हता. दुकानांची माहितीपत्रकं आणायचा. मला वर बोलवायचा. "तू शिकलेली आहेस, सांग. ओझोनचं यंत्र घेऊ का?" दुसऱ्या दिवशी म्हणायचा, ओझोन एकट्याने भागत नाही, क्लोरीन लागतंच. तांब्याचं यंत्र घेऊ? तेही एकट्याने पुरत नाही, आणि केस हिरवे होतात म्हणे. द्रव क्लोरीन? ते नाव घेतलं की तो उठून नळाचं पाणी प्यायचा. वड्यांचं तर नावच काढायचं नाही.

पिएरेतचा भाऊ फर्नां पलीकडच्या घरात राहायचा. तोही कारखान्यातलाच. रोझेरला तो एकटा अहो-जाहो करायचा, तेही चिडवायला.

"दाजी, मिठाचं यंत्र घ्या," तो म्हणाला. "पाण्यात मीठ टाकायचं. पाणी यंत्रातून जातं, यंत्र विजेवर मिठाचं क्लोरीन करतं. थोडं थोडं, पाण्यातल्या पाण्यात. बादली नाही, झाकण नाही."

"थंड पाण्यात चालतं?"

"तुम्ही चालता ना थंडीत? तसंच. जरा कुरकुरत."

"पत्रा गंजेल."

"तुमच्याआधी नाही गंजायचा."

"तू वापरतोस ना? काही त्रास?"

फर्नांने मिशीवरून हात फिरवला. "काही नाही," तो म्हणाला.

मला वाटतं रोझेरचं मन वळलं ते विजेमुळे. वितळलेल्या क्षारांतून वीज सोडायची आणि धातू वेगळा करायचा, हेच त्याने जन्मभर केलं होतं. यंत्र घरी आलं तेव्हा फेब्रुवारी होता. त्याने ते खोक्यातून काढलं. पारदर्शक नळीत धातूच्या पातळ पट्ट्या. तो बराच वेळ बघत राहिला. "ही आपलीच गाय आहे," तो म्हणाला. "फक्त वासरू."

त्या रात्री म्हणे तो बऱ्याच दिवसांनी सलग झोपला. पिएरेतनेच सांगितलं.

आमच्या रस्त्यावर एक खोड आहे. मे महिन्यातल्या लांब सुट्टीला प्रत्येकाला आपला तलाव आधी उघडायचा असतो. कुंपणाच्या सावलीत अजून काळं पडलेलं बर्फ असतं, पण शेजाऱ्याचा पंप सुरू झाला की आपलाही झाला पाहिजे. त्या वर्षी रोझेरने सगळ्यांना मागे टाकलं. झाकण काढलं. खाली हिवाळ्याचं वितळपाणी होतं, चहासारखं. पंप जोडला, यंत्र जोडलं, ठरल्याएवढं मीठ पाण्यात ओतलं. पिएरेत कोट घालून मागच्या ओट्यावर बसली होती.

यंत्राचा दिवा लाल झाला. मीठ कमी.

"भूक लागलीय तिला," रोझेर म्हणाला आणि आणखी एक पोतं ओतलं.

दुसऱ्या दिवशीही लाल. त्याने आणखी घातलं. मी ब्रश घेऊन तळाचं मीठ हलवत होते. हात कोपरापर्यंत बधिर झाले. कारखान्यात टाकी मंदावली की तिला भुकटी खाऊ घालतात. त्याने तिसऱ्या दिवशीही तेच केलं.

"पुरे नाही का झालं?" पिएरेतने विचारलं.

"दिवा बघ ना. दिवा खोटं बोलतो का?"

जूनमध्ये आठवडाभर ऊन पडलं. पाणी कोमट व्हायला लागलं. तेव्हा दिवा हिरवा होईल म्हणून तो रोज सकाळी चप्पल न घालता बाहेर जायचा. एका सकाळी यंत्र किंचाळत होतं. मीठ जास्त. यंत्राने आपलं आपण काम बंद केलं होतं. पाणी गढूळ होतं आणि कडेला हिरवट धागा धरला होता. पाण्यात क्लोरीन नावालाही नव्हतं.

फर्नां कुंपणावरून वाकला. बोट बुडवून चाखलं.

"वा, दाजी! समुद्र आणलात. आता खेकडे सोडा. लोकांना समुद्र बघायला गास्पेपर्यंत जायला नको."

रोझेर हसला नाही. त्याचा चेहरा राखाडी झाला होता. फर्नांने ते पाहिलं आणि मिशी चाचपली.

"मीठ घातलंत तेव्हा पाणी किती थंड होतं?"

"थंड म्हणजे थंड. मे महिना होता."

"थंड पाण्यातून वीज नीट जात नाही. यंत्राला वाटतं मीठ कमी आहे. तेव्हा मीठ घालायचं नसतं, पाणी तापायची वाट बघायची. तोवर ते क्लोरीनही करत नाही."

"तुला हे माहीत होतं?"

"माहीत म्हणजे..." फर्नांने खाली बघितलं. "पहिल्या वर्षी मी पण ओतलं. शेजारच्या गिल्दासने ओतलं. कोपऱ्यावरच्या अर्मेलने तर तुमच्यापेक्षा जास्त ओतलं. या रस्त्यावर आपण सगळे टाक्यांवरचे. लाल दिवा दिसला की खायला घालणारच."

"मग मला का नाही सांगितलंस, गाढवा?"

"कोण सांगतं असलं?"

"माझी बहीण नाही ती," रोझेर म्हणाला. "तुझी आहे."

फर्नां स्वतःच्या घरातून नळी घेऊन आला.

अर्धं पाणी त्यांनी गटारात सोडलं आणि पुन्हा भरायला घेतलं. नगरपालिका ठरावीक वेळीच पाणी वापरू देते, त्यामुळे ते काम रेंगाळलं. नवीन पाणी जमिनीखालून आलेलं, पुन्हा गारठवणारं. मीठ बेताला आलं, पण यंत्र मुकंच. वर ढग. हिरवा धागा रुंद होत गेला. चोवीस जूनचा साँ-जाँचा सण तोंडावर आला होता. त्या दिवशी पिएरेत दरवर्षी पहिल्यांदा पाण्यात उतरायची. आता ती बाथरूमपर्यंत जाताना भिंतीला पाठ टेकवून थांबायची. रोझेर ते बघायचा आणि नजर फिरवायचा.

"यंत्र उन्हासाठी," फर्नां एकदा जेवताना म्हणाला. "गारठा असेपर्यंत द्रव क्लोरीन. थंड पाण्याला फार लागत नाही. सगळे असंच करतात."

"माझ्या अंगणात क्लोरीनचा डबा येणार नाही."

"मग हे शेवाळ सुपात घाला."

"येणार नाही म्हटलं ना!"

तो ओरडला. मी त्याला पहिल्यांदाच ओरडताना ऐकलं. पिएरेतने त्याच्या हातातला चमचा काढून घेतला आणि टेबलावर ठेवला.

"झाकण कोणी उघडलं होतं?" तिने विचारलं.

"पिएरेत..."

"कोणी?"

"तू. पण बादली मी आणली."

"मी उघडलं. जळलं ते माझं. घाबरायचं तर मी घाबरायचं, आणि मला आता त्यासाठी दम नाही." ती थांबली. श्वास घेतला. सगळे थांबलो. "मी या खुर्चीत बसून जपली जाईन, रोझेर. खूप वर्षं. तुला तेवढंच हवंय का?"

त्याने टेबलावरचा चमचा सरळ करून ठेवला.

"लहान कॅन," तो शेवटी म्हणाला. "उरलं तर फर्नांने घेऊन जायचं. शेडमध्ये काही राहणार नाही."

"मंजूर, दाजी," फर्नां म्हणाला. चिडवल्यासारखं वाटलं नाही.

कॅन ओतायच्या दिवशी रोझेरने आम्हा दोघींना घरात कोंडलं. खिडक्या लावल्या. दारांच्या फटींत टॉवेल कोंबले. बाहेर वारा कुठून येतोय ते बघायला गवत उडवून पाहिलं. तोंडावर कारखान्यातला जुना मुखवटा, हातांत कोपरापर्यंत हातमोजे. कॅन त्याने हात लांब करून धरला आणि फिल्टरच्या तोंडाशी एवढ्या हळू ओतला की पिएरेत काचेतून म्हणाली, "तान्ह्या पोराला दूध पाजतोय."

पाणी निवळायला दोन-तीन दिवस लागले. फर्नां बाटलीत पाणी घेऊन दुकानात तपासायला गेला. सगळं ठीक आलं. रोझेरने दुसऱ्या दुकानात तपासून आणलं. तिथेही ठीक. त्याने तपासणीच्या कागदी पट्ट्या बुडवून रंग बघितले. मला बघायला लावले. उजेडात नेऊन पुन्हा बघितले.

"उद्या," पिएरेत म्हणाली.

साँ-जाँची सकाळ. मी कॉफी घेऊन मागच्या दारी आले. ऊन नुकतं कुंपणावर आलं होतं. पाण्यातून वाफ निघत होती, इतकी हवा गार होती.

तलावात रोझेर होता.

मी त्याला कधीच पाण्यात पाहिलं नव्हतं. त्याला पोहता येत नाही. तो शिडीचा दांडा दोन्ही हातांनी धरून, गुडघे वाकवून, हनुवटीपर्यंत बुडाला होता. अंगात बनियन. डोक्यावर लोकरीची टोपी. नाक पाण्याला जवळजवळ टेकलेलं. ओठ जांभळे.

"काय करतोयस?"

"श्वास घेतोय."

"कशाला?"

"दुकानवाले पाणी तपासतात," तो म्हणाला. दात वाजत होते. "पाण्यावरची हवा कोण तपासणार?"

"कधीपासून आहेस आत?"

"ती जेवढा वेळ पोहते तेवढा वेळ झाला पाहिजे."

मी कप धरून उभी राहिले. तो नाकाने ओढून घ्यायचा, धरायचा, सोडायचा. मग थोडं थांबायचा, छातीत काही होतंय का ते बघत. पुन्हा ओढून घ्यायचा.

मागे दार वाजलं. पिएरेत झगा घालून आली होती, एका हातात काठी, दुसरा भिंतीवर. तिने त्याला पाहिलं.

"टोपी कशाला?" तिने विचारलं.

"गार आहे."

"खोकला आला?"

"नाही."

"घसा?"

"नाही. थोडं थांब अजून."

"निळा पडलायस. सरक."

तिने काठी माझ्या हातात दिली, झगा कठड्यावर टाकला आणि शिडीवर पाऊल ठेवलं. रोझेरने दांड्यावरचा एक हात सोडला आणि तिच्या कमरेला धरला. ती पाण्यात बसली, तोंडातून एक लहान आवाज निघाला, आणि मग ती सुटली. काठाकाठाने, गोल, हळू. तिच्या पायांना एकदम जोर आला होता.

तो बाहेर आला नाही. तिच्याबरोबर त्याचं डोकं फिरत होतं, कान पुढे. दर वेळी ती तोंड वर काढून श्वास घ्यायची तेव्हा त्याचा चेहरा आवळायचा आणि श्वास सुटला की सैल व्हायचा.

"रोझेर, निघ आता," मी म्हटलं. "तुला काहीतरी होईल."

"हा फेरा संपू दे," तो म्हणाला.

तो संपला. तिने दुसरा घेतला. तो तिथेच थांबला.