बोट सुरू झाली की येते

ठाण्यात खाडीकाठी आम्ही फ्लॅट घेतला तो, खरं सांगायचं तर, बोटीच्या भरवशावर. बिल्डरच्या गुळगुळीत पत्रकात एक पांढरी बोट होती, बोटीत टाय लावलेला माणूस लॅपटॉप उघडून हसत बसला होता आणि खाली छापलं होतं, ‘डोंबिवली आता काही मिनिटांवर’. बायको म्हणाली, “चित्रातला माणूस आहे तो, त्याला हसायला काय जातंय?” तरीही मी वर्तकनगरची भाड्याची जागा सोडली.

हा सगळा खटाटोप आईसाठी होता. बाबा गेल्यापासून ती डोंबिवली पश्चिमेला एकटी राहते. तिने कायमचं आमच्याकडे यावं, असं मला मनापासून वाटायचं. ती ‘नाही’ असं कधीच म्हणाली नाही. म्हणायची, “येईन की. पण स्टेशनचे जिने गुडघ्यांना झेपत नाहीत रे. बोट सुरू झाली की येते.”

“गाडी घेऊन येतो. आता माणकोलीचा पूल झालाय.”

“गाडीत मला मळमळतं.”

“आणि बोटीत?”

“ते तेव्हाचं तेव्हा बघू.”

मग मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीत उभा राहायला लागलो. समोर तिवरं, चिखल, बगळे. बायको आतून विचारायची, “लागली का रे बोट?” दोन वर्षं तिने हा विनोद चालवला आणि दोन वर्षं मी चिडत राहिलो.

आणि एका मंगळवारी बोट दिसली. पांढरी, वर नारिंगी जाकिटं घातलेली माणसं. मी आधी आईला फोन लावला. “आई, बोट आली! सामान भर!”

ती हळूच म्हणाली, “परतीची किती वाजता असते?”

“परत कशाला जायचंय आता?”

“नाही, आपलं विचारलं.”

तोवर सोसायटीच्या ग्रुपवर बातमी पसरली होती. आमच्याकडे नवी लिफ्ट आली तरी नारळ फुटतो, पाण्याचा पंप बदलला तरी फुटतो, मग बोटीला कोण सोडतंय? पंधरा मिनिटांत काठावर वीस-पंचवीस माणसं, हळदकुंकू, पेढे, आरतीचं ताट. बोटीसाठी सगळ्यात जास्त डोकं खाल्लं म्हणून नारळाचा मान मला मिळाला. बोट जवळ येताच मी तो दगडावर आपटला, टाळ्या पडल्या.

बोटीतला पोरगेला इंजिनीअर गोंधळून म्हणाला, “काका, आम्ही गाळ मोजायला आलोय.”

“सुरू कधी होणार?”

“ते आम्हाला नाय माहीत. पाणी किती खोल आहे ते तर बघू द्या.” एवढं बोलून त्याने दोन पेढे मात्र घेतले.

आईला पुन्हा फोन करणं आलं. मी घडलेलं सगळं सांगितलं. ती हसली. इतकी खळखळून ती बाबा गेल्यापासून हसली नव्हती, आणि तिची सुटका झालीये हे त्या हसण्यातून मला स्वच्छ ऐकू आलं. बोट कधी सुरू होणार नाही याची खात्री होती म्हणूनच तिने बोटीची अट घातली होती. मला आधी राग आला, मग स्वतःचीच लाज वाटली. तिचं घर, तिची गॅलरी, भाजीवालीशी रोजची घासाघीस, हे सगळं मी तिची गैरसोय समजत होतो.

“दोन दिवस ये,” मी म्हणालो. “नुसती राहायला.”

शनिवारी ती आली. ट्रेनने, जिने चढून-उतरून, एकटी. चप्पल काढायच्या आधीच तिने सांगून टाकलं, “रिटर्न काढलंय हं.” दोन दिवस ती बायकोशी पत्ते खेळली, उघड उघड लबाडी करून जिंकली आणि माझ्या आमटीला नावं ठेवली. घरात एवढी मजा कित्येक दिवसांत आली नव्हती.

रविवारी संध्याकाळी ठाणे स्टेशनवर मला राहवलं नाही. “अजून चार दिवस राहिली असतीस.”

“अरे, गेलेच नाही तर पुन्हा येणार कशी?”

गाडी आली तरी तिची पिशवी मी धरूनच होतो. तिने माझी बोटं एकेक करून सोडवली आणि पिशवी घेतली.