पप्पांची निघायची घाई

आनंदाने मरायला निघालेला माणूस घरात असला की किस्से गोळा करावे लागत नाहीत. रोज सकाळी चहाबरोबर एक नवा समोर येतो. आणि अशा माणसाची सून असणं हा काय वैताग असतो, ते मला विचारा. गोष्ट नव्वदच्या दशकातली. आम्ही बेंगळुरूला इंदिरानगरात राहायचो. माझे सासरे, पप्पा, नगरकडच्या शाळेतून रिटायर होऊन सासूबाईंसोबत आमच्याकडे आलेले. पक्के ख्रिस्ती, आणि चर्चच्या गायनात खर्जाचा आवाज त्यांचा.

डॉक्टरांनी पप्पांचा रिपोर्ट बघितला आणि आवाज मऊ करून म्हणाले, "आता फार तर काही महिने." नवरा भिंतीकडे बघत राहिला.

पप्पांनी विचारलं, "गुड फ्रायडेच्या आधी की नंतर?"

"का?" डॉक्टर गडबडले.

"आधी असेल तर गायनात माझ्या जागी कुणाला तरी तयार करायला हवं."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "पप्पा, ते काय म्हणाले कळलं ना?" तर म्हणे, "कळलं की. प्रभूकडे जायचंय. डॉक्टरच बिचारे घाबरले होते." मग कॅन्टीनमध्ये बसून त्यांनी चवीने वडा खाल्ला. माझ्या बशीतलाही त्यांनीच संपवला.

पुढच्या आठवड्यात म्हणाले, "चल, जरा लाकूडकाम बघून येऊ." मला वाटलं, पुस्तकांना कपाट करायचं असेल. रिक्षा थांबली चामराजपेटेत, शवपेट्या करणाऱ्या सुताराच्या दारात. तो टेप घेऊन उठला आणि कन्नडमध्ये म्हणाला, "बॉडी एल्ली सार?" बॉडी कुठाय?

"नाने," पप्पा म्हणाले. मीच.

सुताराच्या हातातून टेप पडला. पप्पांनी तो उचलला, स्वतःच खांद्याला लावून दाखवला आणि शिंप्याला सांगावं तसं म्हणाले, "इथं स्वल्प लूज माडी." जरा सैल ठेवा. परत येताना मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, कारण ते फणसाच्या लाकडाचं कौतुक करण्यात गुंग होते.

आता आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळींची भाषा तुम्हाला माहीत हवी. आमच्यात माणूस मरत नाही, तो 'प्रभूमध्ये निजतो'. आमच्याकडे फोन नुकताच आला होता. दुपारी सोनावणे काकूंनी पप्पांची चौकशी करायला फोन केला. आदली रात्र पप्पांनी तळमळत काढली होती, म्हणून मी बापडी म्हणाले, "आत्ताच निजले हो. अगदी शांतपणे."

पलीकडे हुंदका ऐकू आला. मला वाटलं, लाइन खराब आहे.

चहाच्या वेळेला सगळी मंडळी दारात, पांढऱ्या कपड्यांत, पाळकसाहेब पुढे, काकूंच्या हातात पुष्पचक्र. गलबल्याने पप्पा जागे झाले आणि बनियनवर बाहेर आले. "कोण गेलं?"

काकू मटकन खाली बसल्या. मी माफी मागत फिरत होते आणि पप्पांना झाला आनंद. "आलाच आहात तर म्हणून दाखवा, माझ्या वेळी काय म्हणणार ते." मंडळींनी रडत रडत एक गीत म्हटलं. पप्पांनी मध्येच हात वर केला. "शेवटचं कडवं फार ओढताय. लोक उन्हात उभे असतील."

मला मनापासून रडायचं होतं, आणि या माणसाने रडायलाही जागा ठेवली नव्हती. पण माझं सोडा. खरा जीव आईंचा जळत होता, माझ्या सासूबाईंचा.

आमच्या घरी शनिवारच्या प्रार्थनेला पप्पा स्वर्गाबद्दल बोलत होते. तिथं दुखणं नाही, अश्रू नाहीत, सगळे भेटतील. स्वयंपाकघरातून आई पोह्यांचा झारा हातात घेऊन आल्या. "पाळकसाहेब, पुनरुत्थानानंतर लग्न नसतं, असंच शास्त्रात आहे ना?"

"हो... तसं वचन आहे खरं."

"म्हणजे तिथं मी यांची कोणी नाही."

पाळकसाहेब बशीतल्या पोह्यांकडे बघू लागले. आई म्हणाल्या, "माणूस मला कायमचा सोडून चाललाय, आणि वर गाणी म्हणतोय." पप्पांनी मांडीवरचं बायबल मिटलं. त्या दिवसापासून आईंनी स्वर्ग हा विषयच टाकला. औषध द्यायच्या, पाठ चोळून द्यायच्या, पण पप्पांनी 'तिकडे' म्हटलं की उठून गॅलरीत जायच्या. पप्पा माझ्याकडे बघायचे.

शेवटच्या दिवशी सकाळी पप्पांचा श्वास जड झाला होता. आई उशाशी बसून त्यांचे केस विंचरत होत्या. मी पेज घेऊन दारात थांबले.

"अहो," आई म्हणाल्या, "लग्न नसेना का तिथं. नुसती ओळख तरी दाखवाल?"

पप्पा बराच वेळ श्वास गोळा करत होते. "तूच हाक मार. माझ्याजवळ चष्मा नसेल."

दुसऱ्या दिवशी पेटी बंद करायच्या आधी आईंनी पदराच्या टोकाने चष्म्याच्या काचा पुसल्या आणि तो पप्पांच्या कोटाच्या खिशात ठेवला. पाळकसाहेब हळूच म्हणाले, "आई, तिथं नवी दृष्टी मिळते."

"मिळू दे," आई म्हणाल्या. "पण मला त्यांनी नेहमी यातूनच बघितलंय."