हौदात वाजवलेले ड्रम

आमच्या अल्बममध्ये सात गाणी होती आणि सातही फुसकी निघाली. आजही कुणी कौतुकानं विचारलं, "तुम्ही थ्रॅश मेटल वाजवायचात ना?" की मी विषय बदलतो. थ्रॅश म्हणजे सुसाट. गिटार आणि ड्रम एकमेकांच्या मागं लागल्यासारखे पळाले पाहिजेत. आमचे रमतगमत चालले होते, आणि त्याला कारण मी होतो.

आम्ही चौघं. तिघं उस्मानपुऱ्यातली, नोकरदारांची पोरं. माझ्या घरात तर आजोबांपासून सगळे कारकून. चौथा आमचा ड्रमर. त्याचे वडील, म्हणजे आबा, दौलताबादच्या अंगाला मेंढरं राखायचे. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले, चारा संपला, तेव्हा कळप विकून ते शहरात आले आणि चिकलठाण्याला एका अर्धवट इमारतीवर राखणदार झाले. पोरगा तिथल्याच एका कारखान्यात मशीनवर. पण हात काय होते हो त्याचे! शिकवलं कुणी नाही, सगळं पत्र्याच्या पेटीवर बोटं बडवून आलेलं. त्याला एकच हौस होती. "आबांना एकदा ऐकवायचंय यार. त्यांना वाटतंय मी डबडी बडवत फिरतो."

रेकॉर्डिंगला जागा मिळेना. कुठंही वाजवलं की शेजारी अंगावर यायचे. शेवटी आमच्याच इमारतीचा जमिनीखालचा हौद सुचला. नळाला आठवड्यानं कधीतरी करंगळीएवढी धार यायची, टँकरचं पाणी लोक हंड्या-कळश्यांनी वरच्या वर न्यायचे, त्यामुळं हौद कित्येक महिने कोरडाठाक. आवाज बाहेर जाणार नाही, आणखी काय पाहिजे? एकेक ड्रम हौदाच्या तोंडातून खाली उतरवला. रविवारी दुपारी वाजवायचो. आत नुसती भट्टी. एक गाणं झालं की ड्रमर शिडीनं वर येऊन डोकं बाहेर काढायचा, चार श्वास घ्यायचा आणि म्हणायचा, "चल लेका, अजून एकदा. जमतंय."

मला संगणक येतो म्हणून पुढचं सगळं माझ्याकडं आलं. घरी ऐकलं तर हा घुमारा! ड्रमच्या झांजा भिंतींवर आपटून परत येत होत्या. ड्रम बदलायला तेवढं कारण पुरेसं होतं, कुणालाही पटलं असतं. खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही. त्या घुमाऱ्यातही स्वच्छ कळत होतं की ड्रमर पुढं धावतोय आणि माझी गिटार मागं फरफटत येतेय. सात गाण्यांत एकदाही मी त्याला गाठलं नव्हतं. मला त्याचा राग आला, सरळ सांगतो. मी त्याचे ड्रम काढून टाकले, संगणकावर माऊसनं एकेक ठोका मांडला, वेग माझ्या हाताला झेपेल एवढाच ठेवला आणि त्यावर गिटार पुन्हा वाजवली. बाकीचे दोघं "साफ झालंय" म्हणाले. ड्रमरला मी सांगितलंच नाही.

सीडी निघाली. त्यानं ती ऐकली, पहिलं गाणं पुन्हा लावलं. मग म्हणाला, "मी इतका ढिला वाजवतो व्हय?"

त्यानं स्वतःचं रेकॉर्डिंग आधी कधी ऐकलेलंच नव्हतं. मी म्हणालो, "अरे, माइकवर असंच येतं." माझी जीभ कशी झडली नाही!

इंटरनेटवर कुणीतरी लिहिलं की गिटार बरी आहे, ड्रमरला मात्र झोप लागलीय. ते त्यानंच मला वाचून दाखवलं. "बरोबर हाय त्याचं," तो म्हणाला, "माझ्यामुळं तुमचं सगळ्यांचं वाटोळं झालं." तेव्हा तरी तोंड उघडायचं की नाही? नाही उघडलं.

तरी आबांना ऐकवायचं त्याच्या डोक्यातून गेलं नाही. "तू संगं चल, समजावून सांग त्यांना," म्हणून मला घेऊन गेला. भोवती नव्या फ्लॅटांचे नुसते खांब उभे, पाण्यावाचून काम बंद, आणि मधे यांची पत्र्याची खोली. आबांनी मला खाटेवर बसवलं, स्वतः खाली बसले. पोरानं डीव्हीडी प्लेअरमध्ये सीडी घातली आणि त्यांच्या तोंडाकडं बघत उभा राहिला.

आबांनी दोन गाणी पूर्ण ऐकली. मग विचारलं, "ह्ये कोन वाजवतंय?"

"मीच की, आबा."

"नाय."

तो हसला. "नाय काय? मीच हाय."

"कळपात दुसऱ्याचं मेंढरू शिरलं तर आवाजावरनं वळखायचो मी. आन् पोराचा हात वळखणार नाय व्हय? इतकी वर्षं त्या पेटीवर माझं डोस्कं उठवलंस. तू पळतोस. ह्यो मागं ऱ्हातोय." मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "कोन हाय ह्यो, साहेब?"

मी सांगून टाकलं. संगणक, माऊस, सगळं. फक्त मी मागं पडत होतो, तेवढं गिळलं.

पोरगा ओरडेल, एखादी ठेवून देईल असं वाटलं होतं. त्यानं एवढंच विचारलं, "मग माझं कुठंय?"

"पुसलं. संगणकात जागा नव्हती."

"समदं?"

"सगळं."

जागा नव्हती हेही खोटंच. मी मागं पडलोय हे कुणाच्या कानावर जाऊ नये म्हणून पुसलं होतं.

आबा उठून बाहेर गेले. त्यानं प्लेअर बंद केला, सीडी काढून माझ्या हातात दिली. एवढं होऊनही पाहुण्याला सोडायला निघावं तसा जालना रोडपर्यंत माझ्याबरोबर आला. रिक्षा येईपर्यंत दोघंही धुळीत उभे होतो.

"ते पैल्यांदाच बसून ऐकत होते रे," तो म्हणाला. "त्यांना नसतंच आवडलं, ठाव हाय मला. पण शिव्या तरी मला, माझ्या वाजवण्याला बसल्या असत्या."